खाऱ्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला गोड पाण्याचा ड्रम

आमचा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी थेट इंजिनात फिरवलं की जाकिटात, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत, खाराचा पांढरा थर धरते अन् हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, तापते. विहिरीवरून इंजिनात येणारी ती नळी काढाच. जाकीट निंबूसताच्या पाण्यानं धुऊन घ्या. 200 लिटरचा ड्रम ओट्यावर ठेवा. बुडातली नळी इंजिनाच्या खालच्या तोंडाला, हेडवरची ड्रमच्या वरच्या अंगाला. ही वरची नळी चढतीच पायजे. मधे झोल पडला की हवा अडकते अन् पाणी फिरतच नाही. ड्रममधलं पाणी तिच्या तोंडाच्या वर ठेवा. गरम पाणी आपोआप चढते, वेगळा पंप कशाले? ड्रममधलं पाणी कमी झालं की भर पावसाच्या पाण्याचीच घाला, कारण वाफ उडून जाते, खार मागं राहते. झाकण सैल असू द्या. अन् तापल्या इंजिनात थंडं पाणी ओतणाऱ्याले मी तं हँडललेही हात लावू देत नाही.