आकार की आकारमान?

रंगाच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये लागून मला तीनच आठवडे झाले होते. प्रायमरमधलं थोडं कॅल्साइट, म्हणजे चुनखडीची पूड, काढून तेवढ्याच वजनाचं शंखजिरं, म्हणजे टाल्क, घालून बघायचं काम आलं. दोघांची घनता २.७ च्या आसपास, लेझरच्या यंत्रावर सरासरी व्यासही जवळपास तोच, १० मायक्रॉन. बिनधास्त बॅच लावली. फोर्ड कप, म्हणजे तळाला भोक असलेला कप; रंग त्यातून वाहून जायला किती सेकंद लागतात त्यावरून घट्टपणा कळतो. त्याखाली स्टॉपवॉच धरून उभा राहिलो, तर कप रिकामा व्हायचं नावच घेईना.

मॅडमनी विचारलं, "आकार बघितलास?"

"हो, १० मायक्रॉन."

"ते आकारमान झालं. मी आकार विचारतेय."

मायक्रोस्कोपखाली कॅल्साइट खडीसारखं दिसलं आणि टाल्कचे नुसते पापुद्रे. लेझरचं यंत्र प्रत्येक कणाला गोळा समजूनच व्यास सांगतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. नवीन पावडर आली की आधी मायक्रोस्कोप, मग बाकीची यंत्रं.

पातळ मिश्रणात घनफळाने १ टक्का गोळे घातले की चिकटपणा अडीच टक्के वाढतो, हे आइन्स्टाइनचं सूत्र. १९०६ मध्ये छापलेला त्याचा गुणक चुकला होता, १९११ मध्ये त्याने तो सुधारून २.५ केला. त्या आठवड्यात मला याचा फार आधार वाटला! पण हे फक्त गोळ्यांचं. पापुद्रा वाहताना गिरक्या घेतो आणि गिरकीपुरती सगळी जागा अडवतो. डब्यात साबुदाणा ओता आणि पोहे ओता. पोह्यांचा डबा लवकर भरतो. गोळे कसेही टाकले तरी साधारण ६४ टक्के जागा भरतात, पापुद्रे आणि सुया त्याच्या बऱ्याच आधी अडकून बसतात.

जोरात ढवळलं की मात्र पापुद्रे प्रवाहाच्या दिशेने आडवे होतात आणि रंग सैल पडतो. म्हणून फोर्ड कपाच्या एका आकड्यावर विसंबू नका, ऱ्हिओमीटरवर, म्हणजे दोन प्लेटांमध्ये रंग फिरवून चिकटपणा मोजणाऱ्या यंत्रावर, हळू आणि वेगात, दोन्हीकडे मोजा. तिथेही मी शंकूची प्लेट लावून फसलो. तिच्या टोकाशी फट जेमतेम ५० मायक्रॉनची, त्यात मोठे पापुद्रे घासून आकडे नाचायला लागले. सपाट प्लेटा, १ मिलिमीटर फट, मग जमलं. फट सर्वांत मोठ्या कणाच्या निदान दहापट हवी. सरासरी कणाच्या नव्हे.

महिन्याने डबे उघडले. नुसत्या कॅल्साइटचा रंग तळाशी दगडासारखा बसला होता, शंखजिऱ्याचा पट्टीने दोनदा फिरवताच एकजीव झाला. शेवटी शंखजिरं ठेवलं, निम्मं करून.