उपकेंद्राच्या कुंपणावर सेन्सर बसवताना

रात्री विजेच्या उपकेंद्रात शिरलेला माणूस तांब्याच्या लोभाने आलेला असो वा चुकलेली शेळी शोधत, यार्डात, म्हणजे उपकरणे बसवलेल्या उघड्या आवारात, त्याचे पाऊल पडले की त्याचा जीव आणि गावोगावचा पुरवठा दोन्ही धोक्यात येतात. त्यामुळे कोणी शिरल्याची सूचना मिळाली एवढ्यावर समाधान मानता येत नाही. तो जिवंत, म्हणजे वीज असलेल्या, भागाजवळ पोहोचण्याच्या आत ती मिळायला हवी. सेन्सर विकत घेण्यापूर्वी कुंपणापासून सर्वांत जवळच्या रोहित्रापर्यंतचे (ट्रान्सफॉर्मरपर्यंतचे) अंतर मोजावे, तेवढेच अंतर उपकेंद्राबाहेरच्या मोकळ्या जागेत आखून एखाद्याला पळायला लावावे आणि किती सेकंद लागतात ते टिपून ठेवावे. यंत्रणेची निवड या आकड्यावरून करावी.

त्यानंतर कुंपणाकडे वळावे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे उघड्यावरील उपकेंद्राचे कुंपण किमान १.८ मीटर उंच असावे लागते. पण उंची पुरेशी असूनही जाळी सैल असेल, तर वाऱ्याने ती थरथरते आणि कंपन ओळखणारा सेन्सर रात्रभर ओरडत राहतो. हाताने जाळी दाबत संपूर्ण फेरी मारावी, सैल भाग ताणून घ्यावा, वेली काढाव्यात. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडून जाळीखाली माणूस सरपटून जाईल एवढी फट तयार होते, तिथे काँक्रीटचा पट्टा घालावा.

कुंपणासाठी माझी पसंती फायबर केबलला आहे. जाळी कापली किंवा कोणी तिच्यावर चढले, तर केबलमधील प्रकाशात होणारा बदल यंत्र ओळखते, आणि काच वीजवाहक नसल्यामुळे यार्डातील विद्युतक्षेत्राचा तिच्यावर परिणाम होत नाही; धातूच्या संवेदक तारेत मात्र प्रेरित विद्युतदाब (व्होल्टेज) येऊ शकतो. केबल बांधताना कुंपणाच्या अर्थिंगची पट्टी सैल करू नये. यार्डाच्या आत कोणतेही काम करायचे असेल, तर रीतसर परमिट घेऊन आणि आवश्यक तो भाग बंद करून व त्याला अर्थिंग करूनच करावे.

शरीराची उष्णता टिपणारा पीआयआर सेन्सर स्वस्त असला तरी विदर्भातील उन्हाळ्यात रात्रीसुद्धा तापलेली खडी आणि माणसाचे शरीर यांच्या तापमानात फारसा फरक उरत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत तो कमी पडतो. मायक्रोवेव्ह लहरींवर चालणाऱ्या सेन्सरला तापमानाची अडचण नसते, परंतु हलणारे उंच गवत त्याला फसवते आणि यंत्राच्या अगदी पायथ्याशी त्याला काही दिसत नाही. म्हणून शेजारच्या दोन सेन्सरच्या देखरेखीचे पट्टे एकमेकांवर थोडे चढतील असे ते बसवावेत. कुत्री आणि वानरे येणारच. दोन वेगळ्या तत्त्वांच्या सेन्सरनी एकाच वेळी इशारा दिला तरच भोंगा वाजवावा, आणि एकानेच दिला तर यंत्रचालकाच्या पडद्यावर कॅमेऱ्याचे चित्र यावे. खोट्या भोंग्यांना कंटाळून यंत्रचालकाने तो बंद करून ठेवला, तर त्याला दोष देण्यापेक्षा आपली मांडणी सुधारावी.

१६ एप्रिल २०१३ रोजी कॅलिफोर्नियातील मेटकाफ उपकेंद्राजवळच्या संपर्काच्या फायबर केबल आधी तोडण्यात आल्या आणि मग कुंपणाबाहेरून झाडलेल्या गोळ्यांनी १७ रोहित्रांचे नुकसान केले. त्यावरून दोन गोष्टी घ्याव्यात: काही कॅमेरे बाहेरच्या दिशेने रोखलेले असावेत, आणि इशारा फायबर व मोबाइल सिम अशा दोन वाटांनी जावा, ज्यातील एक वाट तुटणे हाच स्वतंत्र इशारा मानला जाईल. या यंत्रणेला स्वतःची बॅटरी द्यावी; ब्रेकर ट्रिप करण्यासाठी, म्हणजे बिघाडात पुरवठा तोडण्यासाठी, राखलेल्या स्टेशन बॅटरीवर तिचा भार टाकू नये.

इशारा येताच दिवे लागावेत आणि ध्वनिक्षेपकावरून मराठीत, तसेच परिसरातील इतर भाषेत, ‘आत विजेचा धोका आहे, मागे फिरा’ असे ऐकू जावे. यंत्रचालकाने अंधारात एकट्याने यार्डात उतरू नये. ११२ क्रमांकावर आणि वरिष्ठांना कळवून नियंत्रण कक्षातच थांबावे.

दर महिन्याला कुंपणाच्या बाहेरून प्रत्येक पट्ट्याची चाचणी घ्यावी, चालत आणि सरपटत अशी दोन्ही प्रकारे, आणि पावसाळ्यात एक चाचणी भर पावसात घ्यावी. इशारा किती सेकंदांत आला ते नोंदवहीत सुरुवातीला टिपलेल्या आकड्याशेजारी लिहावे. तो त्याहून मोठा निघाला, तर त्या बाजूचा सेन्सर आणखी बाहेर सरकवावा.