दसऱ्याआधी स्वेटर: मंगळवारच्या बैठकीची तयारी

अंबाजोगाईत खरी थंडी मार्गशीर्षात, योगेश्वरीच्या उत्सवाच्या सुमाराला पडते. ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी आपण दरवर्षी त्याच हिशोबानं स्वेटर विणायला बसतो आणि तिथंच चुकतो. धारूर-केजकडची ऊसतोडीची कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमाराला लेकराबाळांसह निघतात, ती परत येतात ऊन तापायला लागल्यावर. मागच्या साली आपले अकरा स्वेटर तयार झाले तेव्हा गावात घरांना कुलपं होती. म्हणून यंदा शेवटची तारीख दसऱ्याची धरायची आणि श्रावणातच सुरुवात करायची.

पहिलं काम लोकरीचं. श्रावणात दुकानात गेलं की "माल दिवाळीनंतर येतो, ताई" हेच ऐकू येतं, तेव्हा आगाऊ सांगून ठेवा. चार-पाच वर्षांच्या लेकराच्या स्वेटरला साधारण २०० ते २५० ग्रॅम लोकर लागते, कानटोपीला ५० ग्रॅम पुरते. एका स्वेटरची सगळी लोकर एकदम घ्या आणि गुंड्यावरच्या पट्टीवर लॉट नंबर, म्हणजे एकदम रंगवलेल्या मालाचा नंबर, एकच आहे ना ते पाहा. रंग तोच, लॉट वेगळा, असं झालं तर दुकानातल्या ट्यूबलाइटखाली फरक दिसत नाही. अंगणात उन्हात धरलं की पाठ एका छटेची आणि बाही दुसऱ्या. कुणी म्हणेल, आपल्याकडची मेंढ्यांची लोकर का नको? ती दख्खनी मेंढीची, राठ. घोंगडीला तिच्यासारखी दुसरी नाही, पण लेकराच्या अंगाला खाजून खाजून पुरे होईल.

सुयांचं नीट समजून घ्या, कारण गेल्या वर्षीचा सगळा गोंधळ इथला. आपल्या पेटीतल्या सुयांवर जुने इंग्लंडचे नंबर असतात, म्हणजे नंबर मोठा तितकी सुई बारीक. आपली ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकेची मोजणी उलटी. तिथली ८ नंबर ५ मिलिमीटरची. धाकट्या वहिनींनी मोबाइलवर अमेरिकेचा व्हिडिओ पाहिला, आपल्या पेटीतली ८ नंबर काढली आणि चार वर्षांच्या पोरासाठी विणलेला स्वेटर बाहुलीला होईल असा निघाला. यापुढे नंबर बोलायचाच नाही, मिलिमीटर बोलायचं.

तरीही प्रत्येकीचा हात वेगळा. बँकेतून निवृत्त झालेल्या काकू इतकं घट्ट विणतात की सुई ओढून काढावी लागते; आक्कांचा हात सैल. म्हणून आधी ३० टाक्यांचा चौकोनी नमुना विणा आणि मधल्या १० सेंटीमीटरमध्ये टाके किती बसतात ते मोजा. आपला हिशोब २२ टाक्यांचा आहे. पाठीला ७५ टाके घातले आणि तुमचे २० बसत असतील, तर पाठ साडेसदतीस सेंटीमीटरची होते; २४ बसत असतील, तर सव्वाएकतीसची. एका स्वेटरची पाठ एकीनं आणि पुढा दुसरीनं विणायचा नाही, तो का, हे आता सांगायला नको. मापात शंका आली तर मोठंच धरा. धारूरकडच्या एका बाईनं स्वेटर हातात घेऊन आधी काखेत बोटं घालून पाहिली होती: "मोठंच द्या ताई, लेकरू वाढायलंय."

नमुना निवडताना नक्षीचा मोह आवरा. उसाच्या फडात पाचट असतं, म्हणजे उसाची वाळलेली पानं. जाळीच्या विणीत त्याचं टोक अडकलं की टाका ओढला जातो. सुलट-उलटची भरीव वीणच बरी. गळ्याला दोऱ्या नकोत, गोंडे नकोत, बाहीला लोंबणारं काही नको. फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, चूल जमिनीलगत असते आणि आपली लोकर बहुतेक अ‍ॅक्रिलिकची. ती आगीनं वितळून कातडीला चिकटते. मनगटाला घट्ट पट्टी विणा आणि देताना आईला हे तोंडानं सांगा. रंग मळखाऊ नको, भडकच घ्या. पहाटेच्या अंधारात बैलगाडीजवळ खेळणारं पोर दिसलं पाहिजे.

दिवस मोजताना सणांचं पाहा. महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत कुणी सुईला हात लावणार नाही, आदल्या आठवड्यात फराळ. पितृपंधरवड्यात नवीन काम धरायचं नाही, असं निम्म्या जणींचं म्हणणं. वाद घालत बसू नका, पौर्णिमेच्या आत टाके घालून चार ओळी विणून ठेवा, म्हणजे काम जुनं झालं. घटस्थापनेनंतर फक्त शिवणं आणि बटणं.

आक्कांना एक विनंती. तुमच्या रंगीत चौकोनांच्या पांघरुणाला आपण दासोपंतांची पासोडी म्हणतो ते प्रेमानंच. पण मूळ पासोडी, म्हणजे आपल्या अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांनी लिहिलेलं कापड, चाळीस फुटांची, आणि तुमचा वेग पाहता तिलाही मागं टाकाल. दसऱ्यापर्यंत ती ट्रंकेत ठेवा, आम्हाला तुमच्या कानटोप्या हव्यात.

शेवटच्या मंगळवारी स्वेटर धुऊन, आडवे पसरून वाळवून आणा. दोरीवर टांगले की लांबतात, आणि इस्त्री फिरवली की वीण मरते. येताना बोथट सुई, टेप आणि जुन्या शर्टांची बटणं घेऊन या. गठ्ठे गावाप्रमाणे बांधू, चिठ्ठीवर वय लिहू. प्रत्येक स्वेटरच्या आतल्या शिवणीला त्याच लोकरीचा हातभर धागा गुंडाळून अडकवा. फडावर टाका सुटला तर तिथं त्या रंगाची लोकर कुठून मिळणार?