छोट्या इंजिनात फोर्ज्ड पिस्टन घालताय? या चुका टाळा

मारुती एस्टीम बाजारातून गेली, मागोमाग जिप्सीही गेली, पण या दोन्ही गाड्यांतलं १.३ लिटरचं जी१३ इंजिन रॅली आणि ऑटोक्रॉसच्या मैदानातून हटायला तयार नाही. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत बिडाचे लायनर, वजनाला हलकं, आणि वरच्या आरपीएमला मजेत फिरणारं. असं इंजिन हाताशी आलं की बेत दोनच असतात: एकतर टर्बो बसवायचा, नाहीतर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलून आरपीएमचा काटा आठ हजारांपर्यंत न्यायचा. दोन्ही बेतांत पहिली ऑर्डर जाते ती फोर्ज्ड, म्हणजे ओतण्याऐवजी दाबून घडवलेल्या, पिस्टनची.

माझ्या मते ही पहिली खरेदी नसावी. पिस्टन ठरला की बोअरचं (सिलिंडरच्या व्यासाचं) माप, रिंगांच्या टोकांमधला गॅप, कनेक्टिंग रॉडचं वरचं टोक, कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) आणि हेड गॅस्केट सगळं त्याच्यामागून ठरतं. म्हणून किती बूस्ट (टर्बोचा दाब), किती आरपीएम आणि कुठलं पेट्रोल ही तीन उत्तरं आधी कागदावर हवीत. त्यांच्याशिवाय मागवलेले पिस्टन कपाटात पडून राहतात किंवा, त्याहून वाईट म्हणजे, तसेच बसवले जातात.

कायद्याचंही आधीच सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनासारखे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. पुढचं सगळं ट्रॅकच्या आणि स्पर्धेच्या गाडीसाठी आहे.

जुना पिस्टन कशाने मेला ते न बघणं

ओतीव पिस्टन फुटतो तो बहुतेक वेळा रिंगांच्या मधल्या कड्यावर, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा नॉकिंग असतं. मिश्रण ठिणगीच्या ज्योतीची वाट न बघता स्वतःहून पेटतं, दाबाचा फटका बसतो आणि कड्याचा तुकडा पडतो. मालक म्हणतो, पिस्टन कमकुवत होता. फोर्ज्ड पिस्टन हा फटका जास्त वेळ सोसतो हे खरं, पण नॉकिंग तसंच राहिलं तर पुढचा बळी हेड गॅस्केटचा किंवा रॉडच्या बेअरिंगचा. पैसे खर्च करून आपण फक्त तुटण्याची जागा बदललेली असते.

म्हणून आधी वाइडबँड लॅम्बडा मीटर (एक्झॉस्टवरून हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारा) बसवा, लोडवर मिश्रण कसं आहे ते बघा, ठिणगीचं टायमिंग तपासा. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची नॉकिंग रोखण्याची ताकद; जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं पण प्रत्येक पंपावर नाही. ज्या पेट्रोलवर ट्यूनिंग केलं तेच स्पर्धेच्या गावात मिळेल का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. दुसरं म्हणजे ई२०, वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण १४.७ लागतं, वीस टक्के इथेनॉल असेल तर साधारण १३.५. ईसीयूमधला (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला) इंधनाचा जुना नकाशा आणि जुने इंजेक्टर तसेच ठेवले तर लोडवर, जिथे सेन्सर दुरुस्ती करत नाही तिथे, मिश्रण पातळ होतं. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो हे खरंय, पण त्या भरवशावर पातळ मिश्रण चालवणं म्हणजे पिस्टनच्या माथ्याला भोक पाडायची तयारी.

"सुझुकी १.३ चे पिस्टन द्या" म्हणणं

ही सगळ्यात महागाची चूक, म्हणून इथे थोडा थांबतो. जी१३ हे एक इंजिन नसून कुटुंब आहे. जी१३ए चा बोअर ७४ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७७, म्हणजे १३२४ सीसी. जी१३बीए, जी१३बीबी आणि स्विफ्ट जीटीआयचं डबल कॅमचं जी१३बी यांचा बोअर तोच, पण स्ट्रोक ७५.५, म्हणजे १२९८ सीसी. बोअर सारखा असल्यामुळे पिस्टन लायनरमध्ये छान उतरतो आणि फसवतो. गजन पिनच्या (पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची वेगळी असली तर पिस्टन ब्लॉकच्या वर तरी येतो किंवा खाली तरी राहतो. आठ व्हॉल्व्हच्या आणि सोळा व्हॉल्व्हच्या हेडसाठी माथ्यावरचे खळगेही वेगळ्या जागी असतात. कॅम बदललेला असेल तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली जागा मातीचा गोळा ठेवून, इंजिन हाताने फिरवून मोजायचीच. अंदाजाने चालत नाही.

आता कॉम्प्रेशनचा हिशेब. १२९८ सीसीच्या इंजिनात एका सिलिंडरला सुमारे ३२५ सीसी येतात. ९.५ चं कॉम्प्रेशन हवं असेल तर वरची जागा ३८ सीसीच्या आसपास लागते. त्यात फक्त ५ सीसी वाढवले, म्हणजे एक चमचा, की कॉम्प्रेशन साडेआठवर येतं. हेड गॅस्केट अर्धा मिलिमीटर जास्त जाड घेतलं तरी जवळपास २ सीसी वाढतात आणि ९.५ चं ९.०५ होतं. मोठ्या इंजिनात असली चूक खपून जाते, छोट्या इंजिनात ती थेट जाणवते. म्हणून हेडची पोकळी ब्युरेटने मोजा, गॅस्केटची दाबल्यानंतरची जाडी विचारा, आणि मगच पिस्टनचा माथा सपाट हवा, उठावदार हवा की खोलगट, ते ठरवा.

मिश्रधातू न विचारणं, आणि क्लिअरन्स जुनाच ठेवणं

फोर्ज्ड पिस्टन मुख्यतः दोन मिश्रधातूंचे येतात. ४०३२ मध्ये सिलिकॉन साधारण बारा टक्के असतं, २६१८ मध्ये जवळपास नसतंच. सिलिकॉन कमी म्हणजे धातू चिवट, फटका बसला तर तडकण्याऐवजी थोडा दबतो. म्हणून जास्त बूस्टला २६१८. पण तो फुगतो जास्त आणि त्याचे रिंगांचे खाचे लवकर झिजतात. नॅचरली ॲस्पिरेटेड (बिनटर्बोच्या) किंवा थोड्या बूस्टच्या इंजिनाला ४०३२ पुरतो, आवाजही कमी करतो. विकणारा "रेसिंगचा आहे" म्हणून २६१८ गळ्यात मारतो, तेव्हा हे लक्षात ठेवा.

फुगणं म्हणजे किती? ७४ मिमीचा स्कर्ट (पिस्टनचा खालचा भाग) १०० अंशांनी तापला तर २६१८ चा साधारण ०.१६ मिमी वाढतो, ४०३२ चा ०.१४ आणि तेवढ्याच तापमानाने बिडाचा बोअर फक्त ०.०८. कारखान्याच्या ओतीव पिस्टनला या इंजिनात ०.०२ ते ०.०४ मिमी क्लिअरन्स (पिस्टन आणि बोअरमधली फट) असतो. लेथवाल्याच्या हाताला तीच सवय असते आणि तो फोर्ज्ड पिस्टनही तसाच घट्ट बसवतो. पहिल्या दमदार फेरीत स्कर्टवर उभे ओरखडे, दुसऱ्या फेरीत इंजिन जाम. पिस्टनसोबत जे कार्ड येतं त्यावर क्लिअरन्स आणि मोजण्याची जागा छापलेली असते. पिस्टन गोल नसतो, वरून खाली सरळही नसतो, त्यामुळे मायक्रोमीटर कुठे लावायचा ते कार्डच सांगतं. ते कार्ड मशीन शॉपला द्या, तोंडी माप सांगू नका.

पिस्टन यायच्या आधी बोअर करून ठेवणं

"वेळ वाचेल" म्हणून ब्लॉक ७५ मिमीला करून टाकतात. मिळतं काय, तर १२९८ चे १३३४ सीसी. छत्तीस सीसीसाठी लायनरची भिंत पातळ केली, आणि आलेले पिस्टन ७४.५ चे निघाले तर ब्लॉक गेला. आधी पिस्टन हातात, प्रत्येक पिस्टनचं माप वेगळं लिहिलेलं, मग त्या-त्या सिलिंडरचं होनिंग (दगडाने घासून शेवटचं माप आणणं). गरज नसेल तर कमीत कमी ओव्हरसाइज घ्या. जाड भिंत ही फुकट मिळणारी ताकद आहे.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा पुण्यात भोसरीला चांगल्या मशीन शॉपची वाण नाही, पण एक प्रश्न विचाराच: टॉर्क प्लेट लावून होन करता का? हेडचे बोल्ट आवळले की ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधला बोअर किंचित वाकडा होतो. जाड प्लेट हेडच्या जागी तेवढ्याच टॉर्कने आवळून होन केलं, तर बोअर चालू इंजिनात गोल राहतो. प्लेट नसेल तर बनवून घ्या. एकदाचा खर्च आहे.

रिंगा डब्यातून काढून तशाच घालणं

फोर्ज्ड पिस्टनसोबतच्या रिंगा अनेकदा घासून बसवायच्या असतात. साध्या इंजिनाला वरच्या रिंगचा गॅप बोअरच्या ०.००४ पट धरतात, म्हणजे ७४ मिमीला ०.३० मिमी. टर्बोला ०.००५५ ते ०.००६ पट, म्हणजे ०.४१ ते ०.४४. गॅप कमी पडला तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात, रिंग लायनरमध्ये रुतते आणि पिस्टनचं कडं उपटून काढते. नंतर दोष पिस्टनवर जातो. दुसऱ्या रिंगचा गॅप वरच्याइतका किंवा थोडा जास्त ठेवा. घासायचं एकाच टोकाला, बाहेरून आतल्या दिशेने, आणि कंगोरे दगडाने मोडायचे.

रॉड आणि बोल्ट विसरणं

७५.५ मिमी स्ट्रोकला आठ हजार आरपीएमवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २० मीटर होतो. आणि साडेसहा हजारांवरून आठ हजारांवर गेल्यावर रॉडवरचा ओढा सुमारे दीडपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. हा ओढा शेवटी येतो रॉडच्या दोन बोल्टांवर. बेत आरपीएम वाढवायचा असेल आणि पैसे कमीच असतील, तर मी आधी बोल्ट बदलीन, मग पिस्टन. नवे बोल्ट घातल्यावर रॉडचं मोठं टोक पुन्हा गोल करून घ्यावं लागतं, हे दुकानात कुणी सांगत नाही.

अनेक छोट्या इंजिनांत गजन पिन रॉडमध्ये दाबून बसवलेली असते. फोर्ज्ड पिस्टनला ती बहुधा मोकळी फिरणारी आणि लॉकवाली येते. मग रॉडच्या वरच्या टोकाला ब्रॉन्झचं बुश लागतं. लॉक प्रत्येक वेळी नवं वापरा. सुटलेलं लॉक लायनरवर खोल चर पाडतं. चारही पिस्टन पिन-रिंगांसकट एका ग्रॅमच्या आत जुळवून घ्या.

खरेदीतल्या फसवणुकी

"फोर्ज्ड" असा शिक्का असला म्हणून पिस्टन फोर्ज्ड होत नाही. पार्ट नंबर, मिश्रधातू, क्लिअरन्स कार्ड आणि रिंग सेटचा वेगळा पार्ट नंबर या चार गोष्टी विकणाऱ्याकडे नसतील तर पुढे जा. हातात घेऊन वाजवून बघण्याला काही अर्थ नाही. वॉस्नर, वायझेको, जेई, सीपी यांच्यासारख्यांकडून मागवताना रिंगांचा एक जादा सेट त्याच वेळी घ्या. बाहेरून एकटा सेट मागवायला नंतर कुरिअर आणि कस्टमचा खर्च पुन्हा पडतो, आणि तोपर्यंत गाडी स्टँडवर. बिलात किंमत कमी दाखवायला सांगू नका. माल कस्टममध्ये अडकतो आणि हरवला तर विमा तेवढाच मिळतो.

चालू केल्यावर

थंड इंजिनातून हलकी खडखड येते आणि तापल्यावर जाते, तर २६१८ च्या पिस्टनला ते साहजिक आहे. तापल्यावरही राहिली तर बोअर मोठा झालाय किंवा पिनचं काम बिघडलंय. डिपस्टिक उडते, ब्रीदरमधून (क्रँककेसची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर येतो, तर रिंगा बसलेल्या नाहीत. लीकडाउन टेस्ट करा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून गळती मोजा, आणि हवा कुठून फुसफुसते ते कान लावून ऐका. ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. उतारावर पाय काढल्यावर निळा धूर दिसला तर व्हॉल्व्हचे सीलही तपासा, सगळंच पिस्टनच्या माथी मारू नका.

रिंगा लोडवर बसतात. नवं इंजिन तासभर आयडलवर ठेवलं तर होनिंगची धार नुसती गुळगुळीत होते आणि मग ते आयुष्यभर ऑइल पितं. पहिल्या फेऱ्यांना साधं मिनरल ऑइल घाला, इंजिन तापवा, मध्यम लोडवर वेग वाढवा आणि पाय काढून गिअरमध्येच खाली येऊ द्या. असं बऱ्याचदा करा. मग ऑइल गरम असतानाच काढा आणि फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून बघा. बारीक राखाडी भुकटी चालेल. चकचकीत ॲल्युमिनियमचे कण दिसले तर इंजिन पुन्हा चालू न करता खोला.