उजनीच्या फुगवट्यावर पक्षी आणि नदी टिपताना

नदीकाठी कॅमेरा पिशवीतून काढण्याआधी तीन गोष्टी बघायच्या: पाणी किती आहे, ऊन कुठून येतंय आणि वारा कुठून वाहतोय. हे तिन्ही जुळले तर बेताच्या लेन्सवरही छान फोटो मिळतात. नाही जुळले, तर सहाशे मिमीची लांब लेन्ससुद्धा पक्ष्यांच्या पाठीच घेऊन येते. इथलं सगळं विवेचन भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्याचं, म्हणजे भिगवण, कुंभारगाव, डिकसळ या पट्ट्याचं आहे. गोदावरी-कादवेच्या संगमावरच्या नांदूर मध्यमेश्वरलाही त्यातलं बरंचसं लागू पडतं. फक्त तिथे होडीच्या जागी निरीक्षण मनोरे धरायचे.

पाणी आधी, तारीख नंतर

पावसाळा संपताना धरण भरलेलं असतं आणि पाणी थेट शेतांच्या बांधाला लागलेलं असतं. तेव्हा उथळ पाण्यात उभं राहून चरणाऱ्या पक्ष्यांना पाय टेकायला जागा नसते. पुढे पाणी सोडलं जातं, पातळी उतरते, काठाचा गाळ उघडा पडतो आणि मग शेकाट्या, चमचे, चित्रबलाक हे पक्षी पसरतात. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, चोच उलटी बुडवून गाळातलं बारीक खाद्य गाळून खातो. त्याला गुडघाभर पाणी आणि मऊ चिखल लागतो, म्हणून त्याचा भर साधारण जानेवारीपासून पुढे. पाऊस जास्त झाला आणि साठा टिकून राहिला, तर हा मुहूर्त पुढे सरकतो. जलसंपदा विभागाची साठ्याची टक्केवारी बघून घ्या आणि आदल्या दिवशी होडीवाल्यांना फोन करून थवे कुठल्या अंगाला आहेत ते विचारा. रोज पहाटे जाळी टाकणाऱ्या माणसाइतकी ताजी माहिती दुसऱ्या कुणाकडे नसते.

सकाळची वाटणी

पक्ष्यांना ऊन पाठीमागून हवं आणि देखाव्याला समोरून किंवा बाजूने. एकाच वेळी दोन्ही साधायला गेलात की दोन्ही हातचं जातं. त्यामुळे सकाळ वाटून घ्या. जानेवारीत या भागात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सहा-सव्वासहाला काठावर असाल तर पहिला पाऊण तास देखाव्याचा: धुकं, जाळी ओढणाऱ्या होड्या, पाण्यातली खुंटं. ऊन पक्ष्यांच्या अंगावर पडलं की लांब लेन्स लावायची आणि पुढचे दोन तास फक्त पक्षी. साडेनऊ-दहानंतर गाळ तापतो, वर उठणाऱ्या गरम हवेतून उजेड वाकडातिकडा येतो आणि लांबचा पक्षी पाण्यात विरघळल्यासारखा दिसतो. हा दोष लेन्सचा नसतो आणि शटरचा वेग वाढवूनही जात नाही. उपाय एकच, अंतर कमी असेल तेवढेच फोटो घ्यायचे. पन्नास-साठ मीटरच्या पुढचं सोडून द्या. लेन्स उबदार खोलीतून थेट थंडीत काढली, तर हूडमध्ये (लेन्सच्या तोंडावरच्या नळकांड्यात) अडकलेली गरम हवाही असाच त्रास देते. पंधरा-वीस मिनिटं ती बाहेर निवू द्या.

पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतात आणि वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतात. फ्लेमिंगो तर उडण्याआधी पाण्यावर बरीच पावलं पळतो. वारा तुमच्या पाठीवर असेल तर थवा तुमच्याकडे तोंड करून उठतो, समोर असेल तर शेपट्या मिळतात. हिवाळ्यात दख्खनच्या पठारावर सकाळचा वारा बरेचदा पूर्वेकडूनच असतो. म्हणून होडी थव्याच्या पूर्वेला लावायला सांगा: ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी येतात.

एक्स्पोजर: इथेच निम्मे फोटो जातात

पाण्यावर कॅमेऱ्याचं उजेडाचं मोजमाप सहज फसतं. नदी सुरय गडद काठासमोरून उडाला तर कॅमेरा चित्र उजळ करतो आणि पांढरे पंख जळतात, म्हणजे तपशील जाऊन नुसते पांढरे डाग उरतात. तोच पक्षी क्षणात चकाकत्या पाण्यावर आला की कॅमेरा घाबरून अंधार करतो. प्रत्यक्षात पक्ष्यावरचं ऊन दोन्ही ठिकाणी तेवढंच असतं. म्हणून ऊन स्थिर असेल तर मॅन्युअल (सगळे आकडे स्वतः ठरवायची पद्धत) वापरा आणि ऑटो आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता कॅमेऱ्याने आपोआप बदलणं) बंद ठेवा. ऑटो आयएसओ चालू असेल तर मॅन्युअलचा काही उपयोग नाही, कॅमेरा मागच्या दाराने तीच चूक करतो.

निरभ्र आकाश आणि लख्ख ऊन असेल तर आयएसओ ४००, अपर्चर (लेन्सचं भोक) एफ/८, शटर १/१६०० सेकंद इथून सुरुवात करा. बगळा, चमचा, सुरय अशा पांढऱ्या पक्ष्यांसाठी शटर १/२५०० करा, म्हणजे पिसांतल्या रेषा शाबूत राहतात. पाणकावळ्यासाठी उलट, १/१००० पर्यंत खाली या. सूर्य नुकताच वर आलेला असताना उजेड एक ते दोन स्टॉप (दर स्टॉपला निम्मा) कमी असतो. तेव्हा शटर न घटवता आयएसओ ८०० ते १६०० करा. पहिला फोटो काढला की जळालेल्या भागाची लुकलुक चालू करून तपासा. पांढऱ्या पाठीवर एखाद-दुसरा ठिपका चालतो, अख्खा पंख लुकलुकत असेल तर एक तृतीयांश स्टॉप खाली.

ढगांमागे ऊन लपाछपी करत असेल, तर मात्र अपर्चर प्रायॉरिटी (अपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा) आणि ऑटो आयएसओ बरा. त्यात शटरची किमान मर्यादा १/१६०० घाला आणि भरपाईचं, म्हणजे चित्र उजळ-गडद करायचं चाक हाताशी ठेवा: गडद पाण्यावर पांढरा पक्षी असेल तर उणे ०.७ ते उणे १, उजळ आकाशासमोर काळा पक्षी असेल तर अधिक १.

बसलेल्या पक्ष्याला १/५०० पुरतं. उडणाऱ्या चित्रबलाकाला १/१६००. सूर मारणाऱ्या खंड्याला १/३२०० च्या आसपास लागतं. कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि मग सरळ खाली पडतो. तो थांबलेला असतानाच फोकस पक्का करा आणि चौकटीत त्याच्या खाली जागा सोडा, कारण पुढची सगळी घटना तिथेच घडणार असते. साध्या खंड्याची बसायची काठी ठरलेली असते. तिच्यावर आधीच फोकस करून वाट बघणं हे त्याच्यामागे काठाने धावण्यापेक्षा कितीतरी फलदायी.

फोकस सतत चालणारा ठेवा आणि फोकस बिंदूंचा मध्यम आकाराचा गट निवडा. अख्ख्या चौकटीचा पर्याय घेतला की लाटांवरची चकाकी फोकस पळवते. पक्ष्याचा डोळा ओळखणारा कॅमेरा असेल तर ती सोय वापराच, पण पुढे गवताची काडी आली की तीही चुकते. थव्याचा फोटो घेताना अपर्चर आवळा. ६०० मिमी लेन्स, एफ/८ आणि ५० मीटर अंतर असेल, तर फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर स्पष्ट दिसणारा पट्टा तीन-साडेतीन मीटरचाच असतो. म्हणून फोकस थव्यातल्या सर्वांत जवळच्या पक्ष्यावर ठेवा. मागचे धूसर चालतात, पुढचा धूसर झाला की फोटो गेला.

होडीत

ट्रायपॉड होडीत नेऊ नका. इंजिनाची थरथर पायांतून थेट लेन्समध्ये चढते. त्यापेक्षा दीड-दोन किलो तांदळाची किंवा ज्वारीची पिशवी शिवून घ्या आणि होडीच्या काठावर टाकून तिच्यावर लेन्स विसावा. दाणे ओले होऊन फुगू नयेत म्हणून आतून प्लास्टिक लावा. वाळू भरू नका, ती शिवणीतून झिरपून लेन्सच्या कड्यांत शिरते. फळीवर बसण्याऐवजी तळाशी बसा. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला आला की मागचा काठ लांब जातो, पार्श्वभूमी आपोआप मऊ होते. उंचावरून घेतलेल्या फोटोत पक्ष्यामागे फक्त गढूळ पाणी उरतं. लाइफ जॅकेट घाला आणि कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात असू द्या.

होडीवाल्या दादांना निघतानाच सांगा, की इंजिन लांबूनच बंद करायचं आणि पुढे वल्ह्याने किंवा वाऱ्याने सरकायचं. सरळ थव्यावर चाल करू नका, तिरकं जा. फ्लेमिंगोंनी चरणं सोडून माना वर केल्या आणि सगळे एकाच दिशेने चालायला लागले, तर तिथेच थांबा. पाच-दहा मिनिटांत माना पुन्हा खाली गेल्या तर ठीक, नाहीतर मागे फिरा. थवा उठवण्यासाठी टाळ्या वाजवणं, होडी घुसवणं असले प्रकार कुणी सुचवले तर ठामपणे नाही म्हणा. हिवाळी पाहुण्यांना परतीच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते आणि प्रत्येक फुकटच्या उड्डाणात ती जळते. कुरव (गल पक्षी) जवळ यावेत म्हणून शेव-फरसाण टाकणंही तितकंच वाईट. ते त्यांचं खाद्य नव्हे. ड्रोन तर पक्ष्यांच्या आसपास नकोच, आणि अभयारण्यात परवानगीशिवाय तो उडवता येत नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या बेटांवर आणि वाळूवर नदी सुरय, छोटी आर्ली, टिटव्या अंडी घालतात. घरटं म्हणजे वाळूतला नुसता खळगा, आणि अंडी खड्यांच्या रंगाची, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. डोक्यावर सुरय ओरडत झेपावू लागला तर तुम्ही घरट्यांत शिरलेले आहात. आलेल्या पावलांवरूनच परत फिरा. आई-बाप उठले की दुपारच्या उन्हात अंडी थोड्या वेळात तापून मरतात. घरट्याच्या फोटोसाठी थांबूच नका.

देखावा

उन्हाळ्याच्या याच दिवसांत पळसदेवजवळ पाण्यात गेलेलं पळसनाथाचं जुनं मंदिर वर येतं. आधी शिखर, मग पातळी फारच उतरली तर बाकीचं. शिखर आणि त्याचं प्रतिबिंब दोन्ही हवं असेल, तर वारा उठण्याआधीची वेळ गाठा आणि ट्रायपॉड खाली ठेवा. कॅमेरा पाण्याच्या जितका जवळ, तितकं प्रतिबिंब पूर्ण येतं. प्रतिबिंबातलं आकाश खऱ्या आकाशापेक्षा साधारण एक स्टॉप गडद असतं. त्यामुळे तीव्र ग्रॅज्युएटेड फिल्टर (वर गडद, खाली पारदर्शक काच) लावला की पाणी आकाशापेक्षा उजळ दिसतं आणि चित्र खोटं वाटतं. एक स्टॉपचा सौम्य फिल्टर किंवा तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो पुरे. धुक्यात अधिक ०.७ ते १ भरपाई द्या, नाहीतर धुकं राखाडी धुरासारखं येतं.

पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) फिरवताना पाण्याकडे बघत राहा. एका टोकाला तो प्रतिबिंब पुसून तळाचे दगड दाखवतो, दुसऱ्या टोकाला प्रतिबिंब ठेवतो. ओले खडक आणि पानं यांवरची चमक घालवायला त्याच्याइतकं काही नाही. मात्र तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो, म्हणून पक्ष्यांकडे वळताना काढून ठेवा. वाहत्या पाण्याला पाव ते एक सेकंद द्या, म्हणजे धारेचा पोत राहतो. पाच सेकंदांपुढे सगळं दूध होतं. पहाटे आयएसओ १००, एफ/११ वर हा वेग फिल्टरशिवाय मिळतो, उजाडल्यावर सहा स्टॉपचा एनडी (उजेड अडवणारा गडद फिल्टर) लावा. धरणाखालच्या पात्रात खडकावर ट्रायपॉड मांडून बसला असाल, तर भोंगा ऐकू येताच सामान गोळा करून वर या. सोडलेलं पाणी झपाट्याने चढतं.

परतल्यावर

थंड कॅमेरा उबदार, दमट खोलीत उघडला की काचेवर दव धरतं, आतूनही. पिशवी बंदच ठेवून अर्धा तास जाऊ द्या. पाण्यात पडलाच तर चालू करून बघण्याचा मोह टाळा: आधी बॅटरी काढा, मग कार्ड, आणि तसाच दुरुस्तीला न्या. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा आणि उघडेच वाळवा, गाळ कुलपांच्या आट्यांत बसला की पाय नंतर सरकत नाहीत. पावसाळ्यात लेन्स बंद कातडी पिशवीत ठेवल्या तर बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर (ओल शोषणाऱ्या दाण्यांबरोबर) एक छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि काटा ४० ते ५० टक्क्यांत राहतो का ते आठवड्याला बघा. जेलचे दाणे रंग बदलू लागले की ते भाजून पुन्हा वापरता येतात.