आखडलेल्या डॅशबोर्डवर नवं कातडं चढवण्याआधी

सीट कव्हर शिवता येतात, वॉकिंग फूट मशीनवर (जाड थर एकत्र पुढे सरकवणारं शिलाई मशीन) हात बसलाय, रापी (कातडं तासून पातळ करायची सुरी) स्वतःची स्वतः पाजळता येते आणि आता कुणीतरी परदेशी स्पोर्ट्स कारचा डॅशबोर्ड समोर आणून ठेवलाय, अशांसाठी हे लिहितोय. सुईचा नंबर, दोऱ्याचा ताण हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. मला सांगायची आहे ती एकच चूक. तिच्यापायी माझं एक अख्खं कातडं वाया गेलं, दोन महिने गेले आणि हा धंदा सोडून परत मागावर जायची वेळ आली होती.

आमच्या घरी सगळे यंत्रमागावर, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत. मी एकटाच कुशनच्या कामात शिरलो. २००२ मध्ये सचिननं ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली आणि त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली, तेव्हा पेपरातला त्या गाडीचा फोटो कापून मी वहीला चिकटवला होता. तसली एखादी गाडी आपल्या हाताखाली येईल असं तेव्हा स्वप्नातही नव्हतं. आली ती पुण्याच्या एका गृहस्थांची, दोन सीटांची, मागे इंजिन असलेली. डॅशबोर्ड तिकडेच उतरवला आणि रजईत गुंडाळून टेम्पोतून माझ्या शेडमध्ये आणला. गाडीचं नाव लिहीत नाही, कारण ऊन सगळ्याच गाड्यांना लागतं.

अवस्था अशी होती: काचेखालची कड मागे सरकून खालचा फोम दिसत होता, डिफ्रॉस्टरच्या (काचेवर हवा सोडणाऱ्या) जाळीभोवती कातडं उठलं होतं आणि मीटरवरच्या टोपीची शिवण तिरकी ओढली गेली होती. कातडं म्हणजे कोलॅजनच्या तंतूंचं जाळं. कमावताना त्यात तेल मुरवतात, म्हणून तंतू एकमेकांवरून सरकतात आणि कातडं लवतं. काचेमागे वर्षानुवर्षं भाजलं की त्यातली ओल आणि तेल जातं, तंतू एकमेकांना धरून बसतात आणि कातडं आखडतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ वर असतो. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर मी दुपारी दोनला मोजलं तर ७८ अंश भरले. एवढ्या उष्णतेत साधं सोल्यूशनही (कातडं चिकटवायचा गोंद) मऊ पडतं. वरून कातडं खेचतंय, खालून पकड सुटतेय, मग कड जागेवर कशी राहणार?

आणि इतकी वर्षं भाजून आखडलेलं कातडं परत पहिल्या मापाचं होत नाही. क्रीम चोळल्यानं ते थोडं मऊ होईल, पण लांब होणार नाही. गिऱ्हाइकाला हे पहिल्याच दिवशी तोंडावर सांगा. कड दोन-तीन मिलिमीटरच सुटली असेल तर मागून किंचित ओलसर करून, हलक्या गरमीनं हातानं सरकवून, पुन्हा चिकटवून काही वर्षं निघतात. त्यापुढे गेलं असेल तर नवंच कातडं चढवायचं.

आता माझी चूक. आमच्या धंद्यात पहिल्यापासून शिकवतात: जुनं कव्हर उसवा, तुकडे सपाट करा, त्यावरून कटिंग करा. सीटला ते चालतं. मी डॅशबोर्डलाही तेच केलं. जुनं कातडं जपून सोललं, शिवणी उसवल्या, तुकडे काचेखाली दाबून ठेवले, त्यावरून पुठ्ठ्याचे साचे काढले. साचे इतके सुबक निघाले की मी त्यांचा फोटोसुद्धा काढला. पण ते कातडं आखडलेलं आहे म्हणून तर डॅशबोर्ड माझ्याकडे आला होता! आखडलेल्या कातड्यावरून काढलेला साचा आखडलेलाच असणार. हे आज लिहायला एक ओळ पुरते, तेव्हा मात्र डोक्यात आलं नाही. माझ्या उस्तादांच्याही आलं नाही.

नंतर मोजलं. प्लास्टिकच्या सांगाड्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १,२४० मिलिमीटर. जुन्या कातड्यावर तेच अंतर १,२१६. म्हणजे २४ मिलिमीटरचा फरक, दर बाजूला १२. नवं कव्हर शिवून चढवलं तर दोन्हीकडे कड पोचेना. उस्ताद म्हणाले, "काय बे, ओढ की! कातडंच आहे, येतंय." ओढलं. हीट गन मारून ओढलं आणि ते खरंच आलं. संध्याकाळी इतकं देखणं दिसत होतं की आईला बोलावून दाखवलं. शेडच्या पत्र्याखाली एप्रिल गेला, मे उजाडला आणि काचेकडची कड पुन्हा चार मिलिमीटर मागे. ताणून बसवलेल्या कातड्याला मागे जायचंच असतं, त्याला फक्त सोल्यूशन मऊ पडायची वाट बघायची असते.

इथे तुम्ही म्हणाल, मग साचा सगळीकडून १२ मिलिमीटर वाढवायचा. मीही तेच म्हणालो, आणि दुसऱ्यांदा फसलो. कातडं सगळीकडे सारखं आखडत नाही. काचेजवळ जास्त, खाली गुडघ्याकडे कमी, व्हेंटच्या (एसीची हवा येते त्या) भोकांभोवती आणखी वेगळं. कडेनं वाढवलं तर कड पोचते, पण मधली शिवण भलत्याच जागी येते आणि व्हेंटची भोकं सरकतात. टक्केवारी काढून वाढवायचाही हिशोब करून पाहिला, तोही जुळत नाही.

साचा सांगाड्यावरूनच काढायचा. आधी जुनं सोल्यूशन आणि भुगा झालेला फोम साफ करा (थिनर नको, प्लास्टिक खातं), खड्डे भरून घासून घ्या. मग पातळ प्लास्टिकचा कागद, त्यावर मास्किंग टेपचे दोन थर, एक उभा आणि एक आडवा. शिवणीसाठी सांगाड्यात बहुतेक वेळा खाच असते, नसेल तर जुन्या सोल्यूशनचा ठसा दिसतो. पेननं रेघ त्यावरूनच मारा, जुन्या कातड्याची शिवण कुठे होती ते विसरा. मधोमध एक रेघ, आणि प्रत्येक शिवणीवर दर ५ सेंटिमीटरला आडवी खूण. ब्लेडनं कापा, सपाट करा, पुठ्ठ्यावर उतरवा, मार्जिन मागाहून वाढवा. मग स्वस्तातल्या रेक्झिनचं एक कव्हर शिवून चढवून बघा. ते बोटांनी दाबून, न ओढता बसलं तरच कातड्याला कात्री लावायची. जुने तुकडे फेकू नका, टाका किती लांबीचा, दोरा किती जाड, कुठला तुकडा कुठल्यावर चढतो हे त्यांच्याकडूनच कळतं. माप तेवढं त्यांना विचारू नका.

कापताना दिशा बघा. कापडाचा ताणा-बाणा आमच्या घरात पोरालाही कळतो, पण कातड्यालाही दिशा असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाठीच्या कण्याच्या दिशेनं ते कमी ताणतं, आडवं जास्त, पोटाकडचं तर फारच. डॅशबोर्डचा लांब तुकडा कण्याला समांतर काढा. पोटाकडचा भाग बारीकसारीक पट्ट्यांना ठेवा. जाडी एक ते सव्वा मिलिमीटर, शिवणीच्या कडा रापीनं निम्म्यावर आणा.

रापी मी स्टेशनजवळच्या एका चप्पल शिवणाऱ्या काकांकडून शिकलो, रोज संध्याकाळी तासभर, तीन महिने. माझं ठाम मत आहे की हातात कात्रण देऊन "कर" म्हणणारा असा माणूस पाच दिवसांच्या महागड्या कोर्सपेक्षा कितीतरी जास्त शिकवतो. आणि व्हिडिओंवर भरवसा ठेवू नका. त्यात कव्हर चढवलेल्या दिवशीचा डॅशबोर्ड दिसतो, पुढच्या मेमधला दिसत नाही. उस्तादांवर मात्र माझा राग नाही. त्यांनी आयुष्यभर सीट शिवल्या, सीटला ओढणं लागतंच.

सोल्यूशन उष्णता सोसणारं, डब्यातलं, ब्रशनं दोन्ही बाजूंना. स्प्रेचा कॅन डॅशबोर्डला अजिबात नको. बोटाला चिकटेनासं झालं की जोडायचं. एप्रिलमध्ये पत्र्याखाली ते पाच मिनिटांत मरतं, म्हणून मी पहाटे चिकटवतो. हीट गनखाली कातड्यावर तळवा टिकत नसेल तर गन लांब न्या, नाहीतर नवं कातडंही तिथल्या तिथे आखडेल.

शेजारच्या सीटसमोरची एअरबॅग कातड्याखाली लपलेली असेल तर ते काम नवख्यानं घ्यायचंच नाही. तिथलं कातडं ठरलेल्या रेषेवर फाटावं म्हणून मागून कोरलेलं असतं किंवा मुद्दाम कच्च्या दोऱ्यानं शिवलेलं असतं. तुमची मजबूत शिवण तिथे माणसाचा जीव घेईल. बॅटरी काढून, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबूनच कनेक्टरला हात लावायचा, आणि तोही ज्याला ते काम येतं त्यानं. मला नाही म्हणायला लाज वाटत नाही, तुम्हालाही वाटू देऊ नका.

घाबरवायला हे लिहीत नाहीये. भंगारातून एखाद्या जुन्या गाडीचा डॅशबोर्ड आणा, त्यावर दोनदा करा, हात बसतो. मला दुसऱ्या कातड्याचे पैसे खिशातून भरावे लागले, तुम्हाला तेवढ्या पैशांत चार भंगार डॅशबोर्ड मिळतील.

त्या गाडीला आता दोन उन्हाळे झाले. गेल्या जूनमध्ये पुण्याला जाऊन पोस्टकार्डाच्या तुकड्यानं सगळी कड तपासली. तुकडा कुठेच कडेखाली आत गेला नाही, फक्त डाव्या कोपऱ्यात, काचेच्या अगदी खाली, दीड मिलिमीटर गेला. तिथे साचा जरा कमी पडला होता आणि कुणाला दिसणार नाही म्हणून मी ओढून घेतलं होतं. दिवाळीनंतर तो कोपरा उघडून पुन्हा करणार आहे.