त्सुनामीचा वॉच, अलर्ट आणि वॉर्निंग: समुद्रावर फिरायला जाणाऱ्या नाशिककरांसाठी

३० जुलै २०२५ ला सकाळी फोन बघितला तर फॅमिली ग्रुप पेटलेला. रशियात कामचाटकाला ८.८ चा भूकंप झालाय, जपान आणि हवाईला त्सुनामी वॉर्निंग लागलीये आणि आमच्या आत्याचा प्रश्न, दिवाळीचं कर्द्याचं (दापोलीजवळचा बीच) बुकिंग कॅन्सल करू का? त्यावर मेव्हण्याचा रिप्लाय, नाशिकला बसून कसली त्सुनामी! दोघंही चुकले. भारताला धोका नाही असं इन्कॉईसने (समुद्रावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) त्याच दिवशी सांगितलं होतं, म्हणजे आत्याची भीती फुकट. आणि नाशिक सहाशे मीटरच्या आसपास उंचीवर, मधे अख्खा सह्याद्री, इथं त्सुनामी येत नाही हे खरंय, पण चार दिवस सुट्टी मिळाली की आपणच घाट उतरून समुद्रावर जातो त्याचं काय.

तर आधी मेसेज कुणाचा ते बघा. भारतासाठी इशारा देतं ते हैदराबादचं इन्कॉईस, २००४ च्या त्सुनामीनंतर तिथं त्सुनामी इशाऱ्याचं सेंटर उभं केलं, ते २००७ पासून चालू आहे. समुद्रात मोठा भूकंप झाला की साधारण दहा मिनिटात पहिलं बुलेटिन येतं, त्यात फक्त भूकंप कुठं झाला, केवढा झाला, त्सुनामी होऊ शकते का एवढंच असतं. मग किनाऱ्यावर पाणी किती चढेल त्याचा हिशोब करून जिल्हावार लेव्हल लावतात, आणि समुद्रातल्या बॉया (तरंगती यंत्रं) आणि बंदरातले भरतीमापक काय दाखवतात त्यावरून ती वरखाली करतात.

लेव्हल तीन आहेत. ०.२ ते ०.५ मीटर पाणी अपेक्षित असेल तर वॉच, म्हणजे लगेच पळायची गरज नाही, पण पुढच्या बुलेटिनवर लक्ष ठेवा (आणि माझं ऐकाल तर पाण्यातून बाहेर या). ०.५ ते २ मीटर म्हणजे अलर्ट, बीच आणि किनाऱ्याचा सखल भाग सोडायचा. २ मीटरच्या वर गेलं की वॉर्निंग, सामान तिथंच टाकून उंचावर किंवा लांब आत जायचं. गोदाघाटावरचा आपला दुतोंड्या मारुती कसा, पुरात त्याच्या मूर्तीला पाणी कमरेला, छातीला, गळ्याला, त्यावरून बाजारातले लोक ठरवतात माल हलवायचा की नाही, तसंच आहे हे.

फक्त बाहेरच्या देशात हेच शब्द वेगळ्या अर्थाने वापरतात. अमेरिकेच्या पद्धतीत वॉच म्हणजे लाट छोटी असं नाही, तर अजून नक्की नाही, तयारीत राहा. आणि त्यांची अॅडव्हायजरी म्हणजे पाण्यातून आणि बीचवरून बाहेर या. कामचाटकाच्या वेळी हवाईची वॉर्निंग नंतर अॅडव्हायजरीवर आणली होती, त्याचा आमच्या ग्रुपवर अर्थ निघाला "संपलं सगळं". संपलं नव्हतं.

आता आकड्याची गंमत. मेव्हणा म्हणतो, मुंबईत पावसाळ्यात साडेचार मीटरची भरती येते, तेव्हा कोणी पळत नाही, मग २ मीटरला कशाला घाबरायचं? अरे भाऊ, भरती सहा तासात हळूहळू चढते, आणि त्सुनामीचे २ मीटर त्यावेळी जेवढी भरती असेल तिच्या वर येतात. वर ती नेहमीच्या लाटेसारखी फुटून मागे जात नाही, पाणी कितीतरी मिनिटं आत घुसतच राहतं. पुरात गुडघाभर पाण्याने बाईक कशी फिरते ते आपण गोदाघाटावर बघितलंय, तिथं माणूस काय उभा राहणार. आणि अरबी समुद्रात हे होतच नाही असंही नाही, नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरानच्या भूकंपानंतर मुंबईपर्यंत लाटा आल्या होत्या, माणसंही गेली होती.

आता खरी भीती मला कशाची वाटते सांगतो. आपली पूर बघायला जायची सवय. धरणातून विसर्ग वाढला, गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला पाणी आलं की अर्धं नाशिक होळकर पुलावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मीपण होतो तिथं, एका हातात छत्री, एका हातात मोबाईल, पोलीस शिट्ट्या मारून दमले. नदी निदान चढताना दिसते. समुद्रात उलटं होऊ शकतं, आधी पाणी लांब मागे जातं, तळाचे खडक उघडे पडतात, मासे तडफडतात, आणि लोक ते बघायला, वेचायला पुढे जातात. २००४ ला हेच झालं. उलट सुमात्राजवळच्या सिमेउलू बेटावर १९०७ च्या त्सुनामीपासून आज्या नातवंडांना सांगत आल्या होत्या की जमीन हलली आणि पाणी मागे गेलं की डोंगरावर पळ. भूकंपाच्या इतक्या जवळ असून तिथं दहाच्या आतच माणसं गेली.

म्हणून अंदमानला वगैरे असाल आणि वीस सेकंदांच्या वर जोरात हललं, उभं राहता येईना, किंवा समुद्र मागे गेला, किंवा विमानासारखा घों-घों आवाज आला, तर मेसेजची वाट बघू नका. तिथं लाट काही मिनिटांतच येऊ शकते. साधारण ३० मीटर उंची किंवा ३ किलोमीटर आत, आणि दोन्ही जमत नसेल तर पक्क्या आरसीसी बिल्डिंगचा तिसरा मजला किंवा वर. शक्यतो चालत जा, गाडी काढली तर अरुंद रस्त्यावर सगळेच अडकतात. खाडी आणि नदीच्या मुखापासूनही लांब राहा, पाणी तिथून आत घुसतं.

वर गेलात की वरच थांबा. पहिली लाट सगळ्यात मोठी असेलच असं नाही, दोन लाटांमध्ये पाऊण तास, तासही जातो, आणि बरेच जण चप्पल-चार्जर आणायला खाली जातात ते त्याच वेळात. प्रशासनाने ऑल क्लिअर दिल्याशिवाय उतरायचं नाही. निघायच्या आधी फोनमध्ये सचेत (सरकारचं आपत्ती इशाऱ्याचं) अॅप टाका आणि सेटिंगमधले इमर्जन्सी अलर्ट चालू आहेत ना बघा, २०२३ मध्ये टेस्टिंगचा तो कर्कश आवाज आला तेव्हा वैतागून बऱ्याच जणांनी बंद केलेत.

आत्याने बुकिंग कॅन्सल केलं नाही. मी म्हटलं, आत्या, तू हॉटेलवाल्याला फोन कर आणि नाश्त्याला काय आहे याच्या आधी वर जायची वाट कुठली ते विचार. तो आधी हसला, मग म्हणाला, गाडीने आसूदचा चढ, पण ताई, चालत जायचं तर आमच्या वाडीच्या मागून पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) आहे, दहा मिनिटात वर नेते, पावसात शेवाळ असतं तेवढं जपा.